खाजाभाईंनी हात ठेवलेली गाडी

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस साधारण काय करतो? रंग बघतो, टायरला बुटाचं टोक मारतो, आणि काही कळत नसलं तरी बॉनेट उघडायला लावून आत गंभीर चेहऱ्याने डोकावतो. मी गणिताचा मास्तर, मी तर डोकावून वर मानही हलवली होती. खाजाभाई यातलं काहीच करत नसत. ते मालकाला इंजिन चालू करायला सांगत, दहा पावलं लांब जात आणि गाडीकडे पाठ करून उभे राहत. हात मागे बांधलेले, मान किंचित डावीकडे. पाच मिनिटं, कधी दहा. नवख्या मालकाला वाटायचं, हा माणूस रुसला की काय.

"डोळ्याला गाडी फसवती, सर," ते म्हणायचे. "पॉलिश मारलं की सगळ्याच नव्या दिसत्यात. कानाला न्हाई फसवू शकत."

शेख खाजा हे त्यांचं नाव. अहमदपुरात ते एका डॉक्टरांच्या गाडीवर बावीस वर्षं ड्रायव्हर होते. मेकॅनिक नव्हते, एजंट तर नव्हतेच. पण गावात कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी पैशाची जुळवाजुळव करायचा आणि मग खाजाभाईंची सुट्टी कधी आहे ते विचारायला दवाखान्याच्या फाटकाशी जायचा. लातूर, नांदेड, उदगीर, कुठेही गाडी बघायला जायचं तर पुढच्या सीटवर खाजाभाई. फी काही नाही. अर्धा चहा, तोही सौदा जुळल्यावर किंवा मोडल्यावर. त्याआधी समोरच्या पार्टीचा चहा ते तोंडाला लावत नसत. "त्येचा चहा पिला की जीभ जड होती," म्हणायचे. भर उन्हाळ्यात लोक उसाच्या रसाचा ग्लास पुढे करत, तरी हे आपले स्वतःच्या बाटलीतलं कोमट पाणी पिणार.

त्यांनी मला शिकवलेलं एक गणित अजून लक्षात आहे. गोदावरीला पाणी आलं, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि नांदेडच्या वस्त्यांत पाणी शिरलं, की दिवाळीपर्यंत बाजारात स्वस्त गाड्या येतात. धुऊन, वाळवून, अत्तर मारून. अशी गाडी ओळखायची तर सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघायचा. "समदी गाडी धुतील, सर, पण पट्ट्याच्या शेवटच्या वितीपर्यंत कोणी जात न्हाई. तिथं गाळाची रेघ ऱ्हातीच." मी तेव्हापासून कोणाच्याही गाडीत बसलो की उगाच पट्टा पूर्ण ओढून बघतो. बायको म्हणते, लोकांना वाटेल तुम्हाला पट्टा बसत नाही.

गाडी खराब आहे असं त्यांनी कोणाच्या तोंडावर कधी म्हटलं नाही. विकणाराही अडचणीतच विकतो, त्याच्या दारात उभं राहून त्याच्या गाडीला नावं ठेवणं त्यांना बरोबर वाटायचं नाही. ते दार हलक्या हाताने लावायचे आणि म्हणायचे, "गाडी लई चांगली हाय. पण आपली न्हाई." एवढं ऐकलं की आम्ही उठायचं, पुढे एक शब्द बोलायचा नाही. आणि गाडी पसंत पडली तर बोलणंच नाही. उजवा तळवा बॉनेटवर ठेवायचे, डोळे मिटायचे, ओठ जरासे हलायचे, झालं. गावात म्हणायचेच, खाजाभाईंनी हात ठेवला का? ठेवला असेल तर घे.

माझी गाडी घेतली तेव्हा मी विनाअनुदानित शाळेवर होतो. विनाअनुदानित म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. शाळा भरत होती, फळा होता, खडू होता, पगार नव्हता. शिकवण्यांवर घर चालत होतं. वडिलांना अर्धांगाचा झटका आला, त्यांना महिन्यातून दोनदा लातूरला न्यावं लागायचं, म्हणून गाडी. लातूरच्या एका मास्तरांची निळी छोटी गाडी खाजाभाईंनी पाठ करून ऐकली, हात ठेवला आणि आम्ही कर्जाच्या टेबलाशी गेलो. तिथला माणूस म्हणाला, सर, तुमचा पगार कागदावर दिसत नाही, जामीनदार लागेल. माझा चेहरा पडला. भाऊ पुण्यात, मेहुणा फोन उचलत नव्हता. मी इकडेतिकडे बघतोय तोवर खाजाभाईंनी खिशातून चष्मा काढला आणि विचारलं, "सही कुठं करायची?"

मी म्हटलं, "खाजाभाई, तुम्ही मला ओळखता तरी किती?"

"तुम्हाला न्हाई ओळखत, सर. गाडीला ओळखतो. म्या हात ठेवला ना तिच्यावर? मग ती गाडी चालस्तोवर माझी जिम्मेदारी."

त्यांच्या डोक्यात हे इतकं सरळ होतं. गाडी आपण निवडून दिली, आपल्या शब्दावर माणसाने घेतली, तर कागदावर नाव लिहायला मागे कामून सरायचं? त्यांची सहीही बघण्यासारखी होती. उभ्याने करायची नाही, टेबल पाहिजे. शेख खाजा अशी मराठीत, अक्षर अक्षर लावून, शाळेत शिक्षकाने सांगितल्यासारखी, आणि खाली एक सरळ रेघ. दवाखान्याचा पगार नियमित, म्हणून त्यांची सही कोणत्याही टेबलावर चालायची.

गाडी ताब्यात घ्यायचा दिवस ठरवताना मी दुसरा दिवस म्हणालो, तर म्हणाले, "उद्या अमावस्या हाय सर. मला काय, मी नेईन. पण वहिनी घरात घेणार न्हाईत." लिंबू-मिरचीही त्यांनीच विकत आणून बांधली. वर मलाच सांगितलं की दोरा काळा पाहिजे, तुमच्या लोकांना कायच माहीत नसतं.

अशा सह्या त्यांनी किती ठिकाणी केल्या ते त्यांनाही आठवत नव्हतं. बहुतेकांनी माझ्यासारखे हप्ते फेडले. सगळ्यांनी नाही. उदगीरकडचा एक जण होता, भाजीपाल्याच्या धंद्यासाठी पिकअप घेतलेला. वर्षभराने त्याने हप्ते थांबवले. वसुलीची माणसं दवाखान्याच्या फाटकावर येऊन बसायला लागली. खाजाभाई एका रविवारी त्याला शोधायला निघाले आणि मला म्हणाले, चला सर, तुम्ही शिकलेले, तुम्ही बोला. देगलूर नाक्यावर पिकअप उभी दिसली. मालक चहाच्या टपरीवर. मी मनात भाषण तयार करतोय, तोवर खाजाभाईंनी सरळ बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढली, फडक्याला पुसली, परत घातली, काढली, आणि असे भडकले की तसं मी त्यांना पुन्हा कधी बघितलं नाही.

"आरं थेंब न्हाई ह्येच्यात. इंजिन जळंल ना, कसला माणूस हायस तू!"

तो पिकअपवाला घाबरून उभाच. हप्त्याचं नाव नाही. खाजाभाई समोरच्या दुकानातून स्वतःच्या पैशाने ऑइलचा डबा घेऊन आले, ओतलं, इंजिन चालू करायला लावलं, आणि टपरीकडे तोंड, गाडीकडे पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, आता ठीक हाय. आम्ही परत निघालो. मी विचारलं, हप्त्याचं काय? म्हणाले, "त्येची बायको बाळंतपणाला गेली म्हने. बोललो असतो, पण बिचाऱ्याच्या तोंडाकडं बघून बोलवलं न्हाई." पुढचे काही हप्ते त्यांनीच स्वतःच्या पगारातून भरले. मग त्यांनाही जमेना. तो माणूस पिकअप घेऊन हैदराबादला निघून गेला आणि कागदावर मागे राहिलं शेख खाजा, खाली सरळ रेघ. असंच आणखी एक ट्रॅक्टरचं प्रकरण झालं होतं. त्याचं ते बोलतच नसत.

मग डॉक्टरांनी दवाखाना बंद केला. मुलगा पुण्यात स्थायिक, त्यांनाही वयामुळे झेपेना. जाताना त्यांनी खाजाभाईंना दोन महिन्यांचा पगार आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ दिलं. गाडी विकून टाकली. सत्तावन्नाव्या वर्षी खाजाभाई पहिल्यांदा बिनगाडीचे झाले. बसस्टँडच्या बाहेर, जिथे भाड्याच्या गाड्या उभ्या असतात, तिथे ते सकाळी येऊन उभे राहत. कोणाचा ड्रायव्हर आला नाही तर तेवढ्यापुरतं काम मिळायचं. पण भाड्याच्या गाड्यांना तरुण पोरं लागतात, आणि खाजाभाई साठच्या पुढे काटा जाऊ देत नसत.

त्यांनी विचार केला, तो वाईट नव्हता. अहमदपुरातून रोज कितीतरी पेशंट लातूरला आणि नांदेडला जातात. प्लास्टरचा पाय घेऊन, टाके घेऊन, बसच्या पायऱ्या चढत. खाजाभाईंना दोन्हीकडच्या दवाखान्यांची खडान्‌खडा माहिती. कुठे लिफ्ट आहे, कुठे उतार आहे, कुठे गाडी दारापर्यंत जाते. स्वतःची एक जुनी सातसीटर घ्यायची आणि फक्त पेशंट न्यायचे. गाडी नेहमी निघायच्या तोंडाने लावायची, ही तर त्यांची जुनी सवय. पैसे? गावाबाहेर त्यांचा एक छोटा प्लॉट होता. त्यांच्या बायकोने, शमीमभाभींनी, वीस वर्षं शिलाईमशीन चालवून त्यात निम्मी भर घातली होती. जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत गेला, म्हातारपणी चार भिंती बांधू, असं दोघांचं ठरलेलं. तो प्लॉट विकला. आलेल्या पैशात गाडीची निम्मी किंमत निघत होती, उरलेल्या निम्म्याचं कर्ज.

भाभी मला एवढंच म्हणाल्या, "सर, ये जमीन का आखरी टुकडा है. तुम्ही सोबत जा."

मी गेलो. नांदेडच्या बाहेर हायवेला जुन्या गाड्यांचं एक मोठं दुकान होतं, काचेचं ऑफिस, मागे पटांगणात साठ-सत्तर गाड्या. जाताना खाजाभाई म्हणाले, "सर, गाडी मी बघतो. कागद तुम्ही बघा. मला इंग्लिश येत न्हाई." न्याय्य वाटणी होती.

गाडी त्यांनी बघितली. पांढरी सातसीटर. पट्टे ओढले, पायाखालची चटई उचलली, मग पटांगणाच्या कडेला जाऊन पाठ करून उभे राहिले. मी घड्याळ लावलं नव्हतं, पण अर्धा तास तरी. स्वतःची गाडी होती ना. मग येऊन तळवा बॉनेटवर ठेवला, तो नेहमीपेक्षा बराच वेळ उचलला नाही. गाडीत काही म्हणता काही खोट नव्हती.

खोट निघाली कागदात. आत एका गोड बोलणाऱ्या तरुणाने काँप्युटरमध्ये त्यांच्या पॅन कार्डाचा नंबर टाकला आणि त्याचं गोड बोलणं जरा थांबलं. "काका, तुमचा कर्जाचा स्कोअर लई खराब आहे."

"कर्ज तर म्या आयुष्यात काढलं न्हाई," खाजाभाई म्हणाले. खरंच होतं ते. हातात पैसा नसेल ती वस्तू त्यांनी कधी घेतली नव्हती.

"तुम्ही नाही काढलं. पण जामीन आहात. हे पिकअपचं, हे ट्रॅक्टरचं. दोन्ही बुडीत. ते तुमच्या नावावर दिसतं."

खाजाभाईंनी पडद्यावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं ते आता काही बोलतील, चिडतील. ते म्हणाले, "पिकअपचं इंजिन चांगलं होतं."

तरुण हसला. म्हणाला, काळजी करू नका काका, आमच्याकडे सगळे मार्ग असतात, महिन्याभरात कर्ज मंजूर करून घेऊ, तुम्ही प्लॉटचे पैसे भरा आणि गाडी आजच घेऊन जा. सात-आठ कागद पुढे आले. मी वाचायला घेतले. तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात एक कलम होतं की तीस दिवसांत कर्ज मंजूर न झाल्यास गाडी परत घेतली जाईल आणि भरलेली रक्कम वापर व इतर खर्चापोटी दुकानाकडे राहील. मी बोट ठेवून विचारलं, हे काय? तो म्हणाला, "सर, ते सगळ्यांच्याच फॉर्मवर असतं. आजवर कोणाची परत घेतली नाही." बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. मला दुसऱ्या दिवशी पेपर तपासून द्यायचे होते. खाजाभाई माझ्या तोंडाकडे बघत होते, मी त्यांच्या तोंडाकडे बघायचो तसे, त्यांनी गाडी ऐकून झाल्यावर. मी म्हणालो, "ठीक आहे. करा सही."

त्यांनी माझ्या निळ्या गाडीसाठी पाठ करून दहा मिनिटं काढली होती. त्यांच्या जन्माच्या कमाईच्या कागदासाठी मी पाच मिनिटं काढली. हे मी आता उगाच स्वतःला टोचून घेण्यासाठी लिहीत नाही, झालं ते तसंच झालं.

एकोणतीस दिवस खाजाभाईंनी ती गाडी चालवली. इतकं खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. सकाळी सहाला गाडी पुसून तयार. मागच्या सीटवर शमीमभाभींनी शिवलेल्या उशा, एक पाय ठेवायला जाड, एक मानेला. इस्लापूरकडची एक म्हातारी अहमदपुरात लेकीकडे आली होती, तिचं खुब्याचं हाड मोडलेलं. तिला त्यांनी लातूरला अशी नेली की तिने पोचल्यावर विचारलं, गाडी निघाली का न्हाई अजून? हे ते दहा जणांना सांगत होते. आरशाला त्यांनी काहीच लटकवलं नव्हतं. मी म्हटलं, निदान लिंबू-मिरची? तर म्हणाले, "नजर लागायला आधी गाडी नावावर तर होऊ द्या."

तिसाव्या दिवशी फोन आला. पहिल्या कंपनीने कर्ज नाकारलं होतं. दुसरी एक कंपनी तयार आहे, व्याज जवळजवळ दुप्पट, आणि पक्क्या पगाराचा एक जामीनदार पाहिजे. आठ दिवसांत. नाहीतर कलमाप्रमाणे.

पक्क्या पगाराचा जामीनदार. एव्हाना माझ्या शाळेला अनुदान मिळालं होतं. मी पक्क्या पगाराचा झालो होतो.

त्या संध्याकाळी खाजाभाई आमच्याकडे आले. मी लांबूनच गाडीचा आवाज ओळखला, मलाही थोडा कान आला होता. ते आत येऊन बसले. नेहमी ओट्यावरच बसायचे. फोनचं सगळं सांगितलं, अगदी बातमी सांगावी तसं, माझ्याकडे न बघता. मग थांबले. बायको चहा घेऊन आली आणि चहा ठेवून जायच्या ऐवजी दाराशीच उभी राहिली.

आमचंही काही चाललं होतं. लातूरला फ्लॅट घेत होतो, मुलाच्या शिक्षणासाठी. कर्जाची फाइल बँकेत होती आणि तिथल्या साहेबांनी बजावलं होतं, मंजुरी येईपर्यंत कुठेही जामीन राहू नका, स्कोअरवर दिसतं. हे खोटं नव्हतं. पण खरं कारण म्हणावं तर तेही नव्हतं. खाजाभाईंचा त्या पडद्यावरचा आकडा मी डोळ्यांनी बघितला होता, आणि बघितल्यापासून माझ्या मनात ते जरा लांब सरकले होते. जो माणूस मला न ओळखता जामीन राहिला, त्याला मी पुरता ओळखत होतो आणि मला भीती वाटत होती.

मी म्हणालो, "कंपनीवाल्यांशी बोलून बघू. ग्राहक मंचात जाता येईल."

"सही माझी हाय, सर," ते म्हणाले. "म्या केली. आता न्हाई कशी म्हनू?"

त्यांनी मला सही मागितली नाही. शेवटपर्यंत मागितली नाही. माझ्यासाठी सही करताना त्यांनी मला मागायला लावलं नव्हतं, आणि माझ्याकडून ते तेवढीच अपेक्षा करत होते, की मीही मागायला लावणार नाही. मी चहाच्या कपाकडे बघत बसलो. त्यांनी चहा घेतला नाही. बाहेर पडताना माझ्या निळ्या गाडीपाशी थांबले, म्हणाले, जरा चालू करा. मी चालू केली. ते फाटकाकडे तोंड करून उभे राहिले. "इंजिनाचा बेल्ट बदलून घ्या, वाजून राहिला," म्हणाले आणि गेले. बायको म्हणाली, "बरं झालं, ते काही बोलले नाहीत." तिच्याशी मी त्या रात्री एकही शब्द बोललो नाही, जणू चूक तिची होती.

गाडी न्यायला दुकानाची दोन माणसं बसस्टँडवर आली. मी शाळेतून येत होतो, रस्त्याच्या पलीकडे थांबलो. खाजाभाईंनी हुज्जत घातली नाही. आतल्या उशा काढून घेतल्या, काखेत धरल्या, किल्ली दिली. त्यातला एक जण गाडी घाईने चालू करायला लागला तर त्याला थांबवलं आणि सांगितलं, थंड हाय, जरा दम धर. मग दार हलक्या हाताने लावलं. भाड्याच्या गाड्यांची सगळी पोरं जमली होती. एकाने विचारलं, काय झालं चाचा? ते म्हणाले, "गाडी लई चांगली हाय. पण आपली न्हाई."

मी रस्ता ओलांडला नाही.

पुढे ते अहमदपुरात दिसेनासे झाले. शमीमभाभींना घेऊन नांदेडला गेले म्हणून कळलं. आमचा फ्लॅट झाला, वडील त्याआधीच गेले. दोन-अडीच वर्षांनी मुलाला जुनी मोटार घ्यायची ठरली, आणि फिरत फिरत आम्ही हायवेच्या त्याच दुकानाशी आलो. मी आत जाणार नव्हतो. मुलगाच म्हणाला, बाबा, इथे पर्याय जास्त आहेत.

पटांगणात गाड्यांच्या रांगेत एक माणूस फडकं घेऊन आरसे पुसत होता. दुकानाचा निळा टीशर्ट, त्यावर दुकानाचं नाव. हातांवरून ओळखलं मी, चेहरा फार उतरला होता. रोज सकाळी सगळ्या गाड्या दहा-दहा मिनिटं चालू करायच्या म्हणजे बॅटरी उतरत नाही, हे त्यांचं काम होतं. गिऱ्हाइकाला गाडी दाखवायची, तेही. प्लॉटचे पैसे परत मिळायचे नव्हतेच, पण इतकी विनवणी केली तर मालकाने नोकरी दिली, असं तो गोड बोलणारा तरुण मला मोठ्या कौतुकाने सांगत होता. म्हणाला, आमचे काका म्हणजे गाडीतले मास्टर, कोणतीही दाखवा.

"सलाम, सर," खाजाभाई म्हणाले. "वहिनी बऱ्या हायत?"

मुलाला एक करड्या रंगाची गाडी आवडली होती. चकाचक, किंमत कमी. आत अत्तराचा वास होता. तरुणाने खाजाभाईंना किल्ली दिली, त्यांनी इंजिन चालू केलं आणि तिथेच उभे राहिले, गाडीकडे तोंड करून. लांब गेले नाहीत. तरुणाने सगळ्यांसाठी चहा मागवला. खाजाभाईंनी कप घेतला आणि प्याले.

मी विचारलं, "कशी आहे, खाजाभाई?"

त्यांनी आधी तरुणाकडे बघितलं. "गाडी लई चांगली हाय, सर."

मी थांबलो. पुढचं वाक्य येईल म्हणून थांबलो. मुलाने माझ्याकडे बघितलं, चला ना बाबा, असं. खाजाभाई कपाच्या तळाकडे बघत होते. मी मागचं दार उघडलं, सीटवर बसलो आणि पट्टा ओढला. ओढत गेलो, शेवटपर्यंत. शेवटच्या वितीवर गाळाची रेघ होती, बोटाला तांबूस माती लागली. मान वर केली तर काचेतून ते माझ्याकडेच बघत होते. मी पट्टा सोडला. तो सरकन आत गेला.

मला राग आला असता तर बरं झालं असतं. मी तरुणाला म्हणालो, विचार करून सांगतो. खाजाभाईंना खिशात हात घालून काही द्यावं असं मनात आलं आणि स्वतःचीच लाज वाटली. "भाभींना सांगा," एवढंच म्हणालो. काय सांगा, ते त्यांनीही विचारलं नाही.

आम्ही निघालो. माझी निळी गाडी अजून तीच आहे, त्यांनी हात ठेवलेली. चालू केली, मागे घेतली, आरशात बघितलं. खाजाभाई रांगेच्या टोकाला माझ्याकडे पाठ करून उभे होते. हात मागे बांधलेले होते, एका हातात रिकामा कप. मान डावीकडे होती का, ते मी बघत राहिलो, पण मागून ट्रक हॉर्न द्यायला लागला. मुलगा म्हणाला, "बाबा, त्या काकांनी तोंड का फिरवलं?"

मी गिअर टाकला. बेल्ट वाजत होता.